बोगद्याची आतली कडी

८ नोव्हेंबर

पाइप आले! शेजारच्या प्लंबरने कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतून काढलेले, काळे, मनगटाहून थोडे बारीक. टेम्पोतून परसात उतरवता उतरवता म्हणाला, "बाई, यातनं नक्की काढायचंय काय? आगगाडी?"

"टोमॅटो."

"थंडीत?"

"थंडीतच. उन्हाळ्यात कुणीही काढेल."

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. हे पायरीवर बसलेले, गळ्याला मफलर. ह्यांनी तळहात आकाशाकडे केले – माझं काही चालत नाही बाबा, अशा अर्थाचे. दोघं हसले. ह्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, पण खांदे हलले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हलले. मी पाइप मोजत असल्यासारखं केलं.

बोगद्याचं – पाइपांच्या कमानींवर प्लास्टिक ताणून रोपांसाठी करतात त्या उबदार बोगद्याचं – मी काल आवाजवालीकडून परत येतानाच ठरवलं. आवाजवाली म्हणजे हॉस्पिटलातली ती मुलगी, घशाच्या ऑपरेशननंतर माणसांना पुन्हा बोलायला शिकवते ती. गोड आहे, चिकाटीची आहे. "काका, फक्त आ म्हणा." काका खिडकीबाहेर बघतात. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आवाज आहे त्यांच्याकडे. जुना नाही, पण आहे. वापरला नाही तर जाईल. थंडी संपेपर्यंत सुरुवात व्हायला हवी काकू, नाहीतर पुढे मी फार काही करू शकणार नाही."

आवाज आहे हे ह्यांनाही ठाऊक आहे. दवाखान्यात एकदा पाणी मागायला गेले आणि जे काही बाहेर आलं ते स्वतःच ऐकलं. त्या दिवसापासून तोंड बंद. टेबलावर बोटाने एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एवढाच संसार.

आणि हा माणूस भाजीबाजारात लिलाव पुकारायचा! गलक्यात उभं राहून नुसतं "बोला!" म्हणाला की फाटकापर्यंत माणसं वळून बघायची. आयुष्य लोकांना बोला, बोला म्हणण्यात गेलं. आता डॉक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळे ह्यांनाच म्हणतात, बोला. मीही म्हणत होते. आता नाही म्हणणार.

हाताला काम पाहिजे. बाहेरची थंड हवा घशाला चालत नाही, घरात बसले की भिंत बघतात. तेव्हा घरही नाही आणि बाहेरही नाही अशी जागा हवी. ती बांधायची.

१० नोव्हेंबर

आखणी. चार खुंट्या, दोरी. मी दोन्ही कर्ण मोजायला लावले – सारखे आले तरच कोपरे काटकोनात. हे कंटाळून दोरीचं टोक धरून उभे. पूर्वी असते तर म्हणाले असते, "मास्तरीणबाई, टोमॅटोला भूमिती लागत नाही." आज नुसत्या भुवया म्हणाल्या.

कर्णात चार बोटांचा फरक निघाला. खुंटी हलवली. पुन्हा मोजलं. पटलं!

१३ नोव्हेंबर

पहिली कमान उभी राहिली.

दोन्ही बाजूंना लोखंडी गज जमिनीत ठोकलेले, निम्मे आत, निम्मे वर. पाइपाचं एक टोक एका गजावर चढवायचं, मग पाइप वाकवत दुसरं टोक समोरच्या गजावर. सांगायला सोपं. मी मधोमध लोंबकळले, ह्यांनी टोक खाली ओढलं, पाइप ऐकेना. सरळ व्हायचं म्हणून धडपडत होता, एकदा तर मला घेऊनच उठला. मग टोक बसलं आणि सगळं एकदम शांत झालं. डोक्यावर अर्धवर्तुळ.

मी हात लावून बघितलं. पाइप आतल्या आत ताणलेला. त्याला अजूनही सरळच व्हायचंय, आणि म्हणूनच तो उभा आहे. त्याची सगळी ताकद त्या हट्टात आहे. शाळेत किती वर्षं विज्ञान शिकवलं मी – ताण, दाब, स्थितिस्थापकता. फळ्यावर आकृत्या काढल्या, पोरींच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या. पण असं हाताखाली कधी थरथरलं नव्हतं ते.

ह्यांना म्हटलं, "बघा तरी." बघतच होते.

१८ नोव्हेंबर

सगळ्या कमानी झाल्या. वरून कण्यासारखा आडवा पाइप, चारी कोपऱ्यांना तिरके आधार, तळाला फळ्या. मी प्लंबरला लोंबकळायला लावलं. "बाई, माझं वजन विचारात घ्या, माझी बायको सकाळीच बोलली त्याबद्दल." लोंबकळला. कमान हलली नाही.

परसात एखाद्या मोठ्या जनावराच्या फासळ्या उभ्या असाव्यात तसं दिसतं. संध्याकाळी त्यांच्या सावल्या भिंतीवर चढल्या. स्वयंपाकघरातून बघत राहिले. दूध उतू गेलं.

२१ नोव्हेंबर

पाइपांना जुन्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळल्या. प्लास्टिक आणि पाइप एकमेकांवर घासले, उन्हात पाइप तापला, की तिथेच फाटतं. मी गुंडाळत गेले, हे गाठी मारत आले. माझ्या गाठी त्यांनी सोडून पुन्हा मारल्या. एक शब्द न बोलता माणूस किती टोचून बोलू शकतो!

२६ नोव्हेंबर

वारा नाही, ऊन चांगलं – प्लास्टिक चढवायचं ते अशाच दिवशी. उन्हात ते मऊ पडतं, ताणून घेता येतं. रात्री थंड झालं की आपणहून ढोलासारखं आवळतं.

प्लंबर आणि त्याची बायको एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, हे मधे. ओरडून सांगायची सोय नाही, म्हणून मी सूचना देणार होते. द्यायला तोंड उघडलं आणि बघते तो ह्यांचे हात उठलेले. बाजारातले हात! उजवा वर – थांबा. बोटं मिटली – ओढा. तळहात फिरवला – तुम्ही, तुम्ही, हळू. आम्ही तिघं त्या हातांकडे बघत ओढत गेलो आणि तो पांढुरका पडदा पाण्यासारखा कमानींवरून उतरला. एकही सुरकुती नाही. कडा चरात गाडल्या, वर माती दाबली.

प्लंबरची बायको म्हणाली, "काकांनी लग्नात मांडव घालायला यायला पाहिजे."

त्या हातांना मी विसरले होते.

२७ नोव्हेंबर

सकाळी मी आत गेले. बाहेर आले. पुन्हा आत गेले.

२८ नोव्हेंबर

कालचं आज लिहिते, काल जमलं नाही.

बाहेर गवतावर पांढरं दहिवर, बोटं बधिर. आत पाऊल टाकलं आणि चष्मा धुकटला. ऊब! चूल नाही, हीटर नाही, विजेची तार नाही. एक प्लास्टिकचा पडदा आणि ऊन, बस्स. उष्णता आत येते आणि बाहेर पडताना अडते – हा धडा मी दर वर्षी शिकवला. बाण काढायचे, आत येणारे पिवळ्या खडूने, अडकलेले लाल. काल मी त्या लाल बाणांच्या मधोमध उभी होते. गालांना लागत होते.

छतावर आतून थेंब. प्रत्येक थेंबात उलटं परस. एक सुटला, दुसऱ्याला मिळाला, मग ओघळत कमानीच्या उतारावरून थेट मातीत. आपला पाऊस आपणच पाडणारी जागा.

बाहेरचं काही दिसत नाही, बाहेरून आतलंही नाही – थेंबांनी पडदा दुधी काचेसारखा होतो. पण सावली पडते. शेजारचं मांजर पूर्वेच्या बाजूने कडेकडेने गेलं, तर पडद्यावर अख्खं मांजर चाललेलं! मिशासुद्धा.

हे माझ्या मागे केव्हा आले कळलं नाही. मफलर सोडला होता. दीर्घ श्वास घेत होते, ओलसर, कोमट. आवाजवाली ह्यांना रोज वाफ घ्यायला सांगते आणि हे रोज भांडं बाजूला सारतात. काल न सांगता घेत होते.

मी वाफेचं नावही काढलं नाही. मला ते अवघड जातं.

२ डिसेंबर

दार. चौकट ह्यांनी एकट्याने केली, ठोकठोक दोन दिवस. पलीकडच्या टोकाला हवेसाठी झडप, घराकडच्या बाजूला दार. बिजागऱ्या छान, उघडझाप नीट. आणि कडी – आतून!

म्हटलं, "अहो, कडी आत लावलीत. बाहेरून बंद कसं करायचं? आतून कोण लावणार, टोमॅटो?"

दारावर दोनदा टकटक. नाही.

"काय नाही? चूक नाही की बदलणार नाही?"

दोनदा टकटक. आणि हातोडी घेऊन घरात.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणते, "आई, भूल दिल्यानंतर गोंधळतात म्हणे माणसं. रागवू नकोस." मी म्हटलं, तुझ्या बाबांनी आजवर मोजासुद्धा उलटा घातलेला नाही. फोन ठेवला. मग बराच वेळ तेच डोक्यात. खरंच गोंधळले असतील तर?

३ डिसेंबर

बाहेरून दुसरी कडी मी बसवली. स्क्रू तिरका गेला. ह्यांनी बघितला. भुवया.

९ डिसेंबर

बी टाकलं. ट्रेमध्ये, मातीवर बोटाने खळगे करून. हे आता न्याहारी झाली की बोगद्यात जातात आणि आतून कडी लावतात. मी पाणी घेऊन गेले तर दार बंद. ठोठावलं. बऱ्याच वेळाने उघडलं, चेहरा असा की जणू मी बाजारात लिलाव चालू असताना मधे शिरले.

"आत चक्कर आली म्हणजे? कडी लावून पडलात तर मी प्लास्टिक फाडू?"

दोनदा टकटक.

फाडीन. कात्री दाराशी टांगून ठेवली आहे.

१५ डिसेंबर

वादळ. दुपारपासून वारा असा की शेजारच्यांचा पत्रा उडून रस्त्यावर. मी धावत परसात गेले, हे आधीच आत. ह्यांनी दार उघडून मला ओढून घेतलं आणि कडी लावली.

आतून ते बघणं! सगळा बोगदा श्वास घेत होता. वारा आला की पडदा आत दबायचा, कमानी झुकायच्या, कुरकुरायच्या. वारा सुटला की फुगून पुन्हा उभा. मी एका कमानीला हात लावून उभी, हे दुसऱ्या. हाताखाली पाइप नाडीसारखा. मला वाटलं आता जाणार, आता जाणार. एकदा तर सगळं इतकं वाकलं की मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा उभाच होता. आम्ही दोघं उभे होतो.

ह्यांचे ओठ हलले. आवाज वाऱ्यात कळला नाही. की नव्हताच? विचारलं नाही.

१६ डिसेंबर

कुठेही फाटलं नाही. एकही गज हलला नाही. आणि ट्रेमध्ये – कोंब! वादळात! मान वाकवलेले, मातीचा कण डोक्यावर घेऊन. कमानीच त्या.

२२ डिसेंबर

पडदा कुठेतरी घासतोय. सकाळी कपडे वाळत घालताना ऐकू येतं. खर्र – थांबतं – पुन्हा खर्र. वारा नसतानाही. एखाद्या कमानीची पट्टी सुटली असणार. घासून भोक पडलं तर थंडी आत शिरेल आणि सगळं मुसळ केरात. ह्यांना विचारलं, तुम्हाला आत ऐकू येतं का? बराच विचार केला. मग दोनदा टकटक.

म्हणजे कानही गेले.

२९ डिसेंबर

प्लंबरला बोलावलं. हे दवाखान्यात तपासणीला गेलेले, लेक घेऊन गेली होती. त्याने प्रत्येक कमान हाताने चाचपली. "कुठ्ठंच घासत नाही बाई. पडदा कसा ताणून बसलाय. घासलेत ते तुमचे कान."

पण मी ऐकलंय.

लेक परत आली ती हिरमुसलेली. आवाजवालीने विचारलं, काका, सराव? काकांनी टेबलावर दोनदा वाजवलं. ती म्हणाली, "अजून थोडे दिवस बघू." लेक रडली. मी तिला भात वाढला.

६ जानेवारी

आज खर्र खर्र चालू असतानाच चादरीच्या पट्ट्या घेऊन बाहेरच्या बाजूने गेले, पूर्वेकडून, नेमकी कोणती कमान ते पकडायला. पडद्याला कान लावत लावत पुढे. चौथ्या कमानीपाशी आवाज मोठा झाला. खर्र – ला. खर्र – ला. मला वाटलं, पाइप सरकतोय.

मग तो आवाज म्हणाला, "बो… ला."

मी तिथल्या पालथ्या बादलीवर बसले.

"बो… ला. टो… मॅटो. ता… जा." खोकला. पाणी प्यायल्याचा आवाज. पुन्हा पहिल्यापासून. लाकडावर करवत चालवावी तसा, फुटका, अर्धा वारा अर्धा माणूस. "एक… वार."

लिलाव! कोवळ्या रोपांचा लिलाव पुकारत होते. अजून ज्यांना फूलही नाही त्या टोमॅटोचा.

कडी चुकून आत लागली नव्हती. कुणी येऊ नये म्हणून लावली होती. मी त्या कडीवरून थट्टा केली, लेकीला फोन केला, वरून दुसरी कडी ठोकली. आणि हा माणूस रोज सकाळी आत जाऊन स्वतःच्या घशाशी झटापट करत होता, उबेत, वाफेत, जिथे त्याला लाज वाटणार नाही अशा जागी. माझ्यावर कडी केली म्हणायची ती अशी. आतून.

पट्ट्या हातातच राहिल्या. उठवेना. ऊन पाठीवर घेऊन ऐकत राहिले. वादळातली ती कमान आठवली. पार जमिनीला टेकेल असं वाटलं होतं.

७ जानेवारी

पुन्हा गेले. त्याच बादलीवर. हातात उगाच झाडू.

१२ जानेवारी

कुणालाही सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. सांगितलं की ती येईल, शाबास बाबा म्हणेल, टाळ्या वाजवेल, आणि तो आवाज पुन्हा आत जाऊन बसेल. कोंबाला मातीतून हाताने ओढायचं नसतं.

आज "दोन वार"पर्यंत पोचले. मधे दोनदा अडले. अडले की मी श्वास धरते, जणू मी सोडला तर त्यांचा तुटेल.

१९ जानेवारी

रोपं हातभर. पानांना हात लावला की तो हिरवा, कडवट वास बोटांना दिवसभर. बाहेर नळाचं पाणी बर्फासारखं.

२४ जानेवारी

आवाजवालीचा फोन. "काकू, काही फरक? थंडी संपत आली." मी म्हटलं, "थांब जरा." "काही म्हणाले का?" "थांब म्हटलं ना!" तिला वाटलं रागावले. वाटू दे.

पण भीती मलाही आहे. सकाळी आत लिलाव पुकारणारा माणूस दुपारी जेवायला येतो आणि वाटीवर दोन बोटं वाजवतो. आमटी नको. आवाज तिथेच राहणार का, त्या पडद्याच्या आत? टोमॅटोपुरता? माणसांना तो कधीच मिळणार नसेल तर थंडी संपून तरी काय?

आज जेवताना जिभेवर आलं होतं – ऐकलंय मी. चावून गिळलं.

१ फेब्रुवारी

पहिलं फूल. पिवळं, खाली मान घातलेलं. हे रंगाच्या ब्रशने फूल हलवत बसतात, फळ धरायला आत मधमाशी येत नाही म्हणून. मी बघत होते. एवढा मोठा पंजा, आणि ते फूल हललं की नाही तेही कळू नये.

१५ फेब्रुवारी

हिरवे टोमॅटो, गोटीएवढे. आज "गोल… गरगरीत" असं काहीतरी नवीन. आवाज खरखरीतच, पण उभा राहतो. माझ्या बादलीपर्यंत नीट पोचतो. माझी सवयच झाली आहे आता, सकाळची उन्हं पाठीवर घेऊन बसायचं आणि ऐकायचं. ह्यांना पत्ता नाही.

३ मार्च

आवाजवालीने परवाची वेळ दिली आहे. शेवटची म्हणाली. ह्यांना सांगितलं. ना एक टकटक, ना दोन. कपबशी उचलून आत गेले.

४ मार्च

बादलीवर जाऊन बसले. आतून नेहमीसारखं – "बोला. पहिला टोमॅटो. लाल." मग थांबले. मग, जरा मोठ्याने, "बाहेरच्या मास्तरीणबाई, तुमची बोली?"

मी जागच्या जागी. सकाळी ऊन माझ्या पाठीशी असतं. म्हणजे सावली पुढे, पडद्यावर – बादली, अंबाडा, झाडू, सगळं. सावलीचा धडा मीच शिकवला. पहिल्या दिवसापासून दिसत होते मी. माझ्यासाठीच पुकारत होते.

"एक वार," आतून. "दोन वार." आणि कडी सरकल्याचा आवाज.

मला बोलायचं होतं. आवाजच फुटेना. मी दाराशी गेले आणि चौकटीवर बोटाने टकटक केली. एकदा.